मेट्रोच्या उपकराला माझी सत्तावीस कलमी हरकत

अंबरनाथ (पूर्व),
९ डिसेंबर

तीर्थरूप श्रीपाद भावोजी,

हेमचंद्रचा नमस्कार. हा साष्टांग समजून घ्यावा, प्रत्यक्षात मी ओट्याशी उभा राहून लिहितो आहे, कारण गेले बारा दिवस मला एका जागी बसवत नाही. माईलाही नमस्कार सांगा. तिची कंबर कशी आहे? रोह्याला थंडी पडली की तिला त्रास होतो, तरी ती पहाटे अंगणात सडा घालणारच, हे मला ठाऊक आहे. ती माझी थोरली बहीण आहे आणि हट्टाच्या बाबतीत आमच्या घराण्यात तिचा दुसरा नंबर लागतो (पहिल्याचं नाव पुढे येईलच). तुमची सुपारी यंदा कशी काय? इकडे सौ. रोहिणी ठीक आहे. सोहमचा बेंगळुरूहून आठवड्याला एक फोन येतो, त्यात तो पाचव्या मिनिटाला "बाबा, शांत व्हा" म्हणतो.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचारणार नाही. फोनवर बोललेलं फायलीला लागत नाही हे तुमचंच म्हणणं आहे, आणि तुमची हयात सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून गेली आहे. म्हणून झालेली सगळी हकीकत क्रमाने कळवतो. मध्ये कुठे वाक्य तुटलं तर समजा की मी गच्चीवर एक फेरी मारून आलो.

दिवाळीच्या आधी घरोघर एक पिवळं पत्रक आलं. त्रिनगर परिवहन प्राधिकरण नावाचं एक खातं (आम्ही कुणीच हे नाव पूर्वी ऐकलं नव्हतं) त्यात म्हणत होतं की मेट्रो कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी वाढवायची आहे, आणि त्या खर्चाचा एक वाटा या तीन गावांतल्या घरमालकांनी उचलायचा आहे. कसा, तर घरपट्टीवर दहा टक्के परिवहन उपकर. उपकर येत्या एप्रिलपासून, मेट्रो दहा वर्षांनी. हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी कळवाव्यात. भावोजी, मी आज सहासष्ट वर्षांचा आहे. म्हणजे ज्या गाडीत बसायला मी शहात्तराव्या वर्षी काठी टेकत जाणार, तिचं तिकीट मी आत्तापासून दर वर्षी काढायचं. बरं, गाडी येताच आजूबाजूच्या जमिनींचे भाव चढणार, ते खिशात घालणार बिल्डर. गाडीत बसणार कोण, तर अजून इथे राहायलाच न आलेली माणसं. आणि भरणार कोण, तर ज्याने पस्तीस वर्षांपूर्वी इथे गवतात साप असताना प्लॉट घेतला तो. मी पत्रक वाचून खाली ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं. रोहिणी म्हणाली, "त्याला घड्या पडतील." मी म्हटलं, "पडू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रस्तावित स्थानक कुठे होणार ते पाहायला निघालो, पावलं मोजत. घराच्या फाटकापासून त्या जागेपर्यंत चार हजार एकशे सहा पावलं भरली (मध्ये एका म्हशीला वळसा घालावा लागला, ती आठ पावलं मी वजा केली आहेत). जागेवर सध्या एक पंक्चरवाला आणि बाभळीचं बन आहे. येताना दमलो म्हणून रिक्षा केली. रिक्षावाल्याने सांगितलेला आकडा ऐकून क्षणभर वाटलं की मेट्रो असती तर बरं झालं असतं. पण हा मुद्दा आपल्या बाजूचा नसल्यामुळे मी तो हरकतीत घेतला नाही.

हरकत लिहायला मला सहा दिवस लागले. तुम्हाला माहीत आहे, मी रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं. माझ्या हातून एक खिळा कधी नोंदीशिवाय बाहेर गेला नाही. त्याच शिस्तीने मी प्रस्तावाचं एकशे बारा पानांचं बाड प्राधिकरणाच्या कचेरीत जाऊन, उभ्याने, शिपायाच्या नजरेखाली वाचलं आणि मुद्दे काढले. सव्वीस निघाले. सांगायला संकोच वाटतो, पण ते सव्वीसच्या सव्वीस मुद्दे पक्के आहेत. रस्ते वापरणाऱ्या सगळ्यांना सोडून फक्त घरमालकच का? भाडेकरू बसणार, दुकानदार बसणार, ठाण्याहून येणारा बसणार, आणि पेन्शनीतून भरणारा घरी बसणार? खर्च वाढला तर उपकर वाढणार नाही याची हमी कोणत्या पानावर आहे? मेट्रो झालीच नाही तर पैसे परत कोण करणार? यावरून आमच्या गल्लीसाठी मी एक घोषवाक्यही केलं, "जो बसेल तो भरेल." पलीकडच्या रो-हाउसातला चेतन (आयटीत आहे, घरून काम करतो, म्हणजे दिवसभर ग्रुपवर असतो) तर इतका खूश झाला की त्याने त्याचा फलक छापून आणला आणि "करदाते एकजूट" असा ग्रुप काढून मला अध्यक्ष केलं. मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणणार होतो, तोवर हार आला.

टायपिंगसाठी मी उल्हासनगर कॅम्प चारला नंदू तलरेजाकडे गेलो. त्याचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मेट्रोचा एक खांब नेमका त्याच्या दुकानासमोर येणार म्हणून तोही आमच्यात. गृहस्थ चांगला आहे, मराठी टायपिंग मराठी माणसापेक्षा शुद्ध करतो, फक्त बोलत राहतो. "साईं, चौदा पेज! पढेगा कौन? अधिकारी लोक पहिला पान बघतात आणि शेवटचा. बीचवाला तो देवाला माहीत." मी म्हटलं, तुम्ही टाइप करा. त्याने केलं. आणि इथे, भावोजी, ती गोष्ट घडली जिच्यामुळे मी आज उभा आहे. सव्वीसावं कलम चौदाव्या पानाच्या मध्यावर संपलं. खाली अर्धं पान कोरं. नंदू म्हणाला, "साईं, शेवटचा पान आधा खाली, ऐसा लगता है माल खत्म हो गया." मलाही ते बघवेना. अर्ध्या पानाने माझी बाजू लंगडी दिसत होती. मग मी तिथल्या स्टुलाशी उभा राहून प्रस्तावाच्या टिपणांतून परिशिष्ट चाळलं. त्यात मेट्रोला जोडून द्यायच्या पूरक बसमार्गांची यादी होती. चौथा मार्ग बदलापूर स्थानकापासून बारवीच्या रस्त्याने पार वरच्या वाड्यांच्या फाट्यापर्यंत, तोही या उपकरातूनच. मी सांगितलं, लिहा. कलम सत्तावीस : पूरक बसमार्ग क्रमांक चार रद्द करावा, सदर मार्गावरील लोकवस्ती नगण्य असून करदात्यांवर हा अनावश्यक बोजा आहे. पान भरलं. नंदू म्हणाला, "अब भारी लगता है." मलाही तसंच वाटलं.

सामूहिक सुनावणीसाठी पन्नास सह्या लागत होत्या. गल्लीतून एकोणपन्नास झाल्या. पन्नासावे जोशी अमेरिकेत. मी फाटकाशी येरझाऱ्या घालत होतो आणि पायरीवर बनूबाई बसली होती. बनूबाई मेंगाळ म्हणजे आमची भाजीवाली. बारवीच्या वरच्या अंगाला तिची वाडी आहे. आठवड्यातून तीनदा वालाच्या शेंगा, मुळे, करांदे, जे रानात-वावरात निघेल ते टोपलीत घालून येते. अठरा वर्षं येते आहे. रोहिणी आणि ती अर्धा तास भावावरून भांडतात आणि मग दोघी चहा पितात. मी म्हटलं, "बनूबाई, एक सही देशील?" ती म्हणाली, "कशाची?" मी म्हटलं, "आमची घरपट्टी वाढू नये म्हणून." ती म्हणाली, "द्या की कागद, भाऊ. तुमची वाढली तं वहिनी माजे शेंगांचा भाव पाडंल." आणि तिने मोठ्या, गोल अक्षरांत, जीभ दातांत धरून, पूर्ण नाव लिहिलं. पन्नास झाले. मी तिला सांगितलं की सुनावणीला यावं लागेल, नाव पुकारतील, उठून एवढंच म्हणायचं की "आमची हरकत आहे." ती म्हणाली, येईन, कॅम्पातच तिची सून कामाला आहे, तिला भेटणंही होईल.

सुनावणी २७ नोव्हेंबरला कॅम्प चारमधल्या एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशी तिथे लग्न झालं होतं आणि सजावट उतरवलेली नव्हती. त्यामुळे सुनावणी अधिकारी मॅडम वधूवरांच्या लाल मखमली सोफ्यावर बसल्या होत्या, मागे झेंडूत "शुभविवाह", आणि त्यांचा टंकलेखक नवऱ्याच्या जागी. आम्ही टेम्पो करून गेलो होतो, फलकासकट. मी चाळीस मिनिटांचं भाषण तयार केलं होतं. पण मॅडम निघाल्या शिस्तीच्या. म्हणाल्या, हरकत मी वाचली आहे (सगळी! नंदूचा अंदाज साफ चुकला), आधी सह्यांची पडताळणी, मग भाषण. एकेक नाव पुकारत गेल्या. एकोणपन्नास जण उठले, "आमची हरकत आहे" म्हणाले आणि बसले. मग त्या म्हणाल्या, "बनूबाई बारकू मेंगाळ?"

बनूबाई टोपली बाजूला सारून उठली. "आमची हरकत हाय."

"सगळी कलमं मान्य आहेत?"

"भाऊंनी लिवलंय, मंग बरोबरच असंल."

मॅडमनी तिच्या सहीपुढचा पत्ता परत पाहिला. शेवटचं पान उलटलं आणि कलम सत्तावीस मोठ्याने वाचलं. सबंध. झेंडूखाली बसून ते वाचलं जात असताना मला पहिल्यांदाच ऐकू आलं, म्हणजे माझंच वाक्य. मग त्या म्हणाल्या, "बाई, ही बस तुमच्याच फाट्यापर्यंत येणार आहे. ती नको, असं तुम्ही सही करून दिलंय."

बनूबाईने माझ्याकडे वळून पाहिलं. रागाने नाही. रोहिणी जेव्हा ताज्या शेंगांना शिळ्या म्हणते तेव्हा ती तिच्याकडे बघते, तसं.

"भाऊ, बस येनार व्हती?"

"अजून नाही," मी म्हटलं. "प्रस्तावात आहे. परिशिष्टात."

"आनि ते नगन्य म्हंजे काय?"

भावोजी, माझं मराठी बरं आहे. तुम्हीच एकदा माझ्या रजेच्या अर्जाचं कौतुक केलं होतं. पण पन्नास माणसांसमोर त्या शब्दाचा दुसरा, जरा मऊ अर्थ मला काही सापडेना. मी म्हटलं, "म्हणजे, मोजण्यासारखं नसलेलं."

ती विचारात पडली. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. "म्हंजे मोजलं आनि कमी भरलं, का मोजाया कुनी आलंच नाय?"

टंकलेखकाने बोटं उचलून धरली. मॅडम म्हणाल्या, "बाई, तुम्हाला स्वतःला काही सांगायचंय का?" आणि बनूबाई सांगू लागली, भांडणाच्या नाही, हकीकतीच्या सुरात. "माजी सून, चंद्री, हितंच कॅम्पात जीनच्या कारखान्यात बटनं लावती. सुटती सातला. सातानंतर आमचे फाट्याला काय जात नाय. म्हनून सोमवारी येती आनि शनवारी घरी जाती, मधी हितंच मावशीकडं पथारी टाकती. पोर तीन वर्साची हाय. शनवारी आई आली का पोर माजे मागं लपती. वळख पटाया एक दिस जातो, तवर हिची परत जायची येळ होती. मेटरो मला ठावं नाय, बाई. घरपट्टी बी ठावं नाय. पन बस येनार असंल तर ती कापू नका." मग तिला काही तरी आठवलं आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाकीची हरकत ऱ्हाऊ द्या भाऊ, तुमची." आणि बसली.

मग भाषणासाठी माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो. चाळीस मिनिटांचं भाषण हातात होतं. मी म्हटलं, "मॅडम, कलम सत्तावीस मागे घेतो."

"कारण नोंदवावं लागेल."

"मोजणी चुकली."

"केली कोणी होती?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. ते त्यांनी जसंच्या तसं टाइप करून घेतलं. आता ते कायमचं रेकॉर्डला आहे. तीस वर्षं स्टोअर्स सांभाळलेल्या माणसाच्या सहीनिशी.

परतीच्या टेम्पोत फलक उलटा धरला होता. चेतन म्हणाला, "काका, सभा न घेता तुम्ही आपलंच कलम कापलंत. ठीक आहे, इमोशनल झालात. पण ती बस कशातून चालणार? उपकरातूनच ना? मग बस हवी तर उपकर हवा. उरलेली सव्वीस कलमं आता उभी कशावर आहेत?" हे मला सुचलं नव्हतं असं नाही. तो मोठ्याने म्हणाला, इतकंच. घरी आलो. रोहिणीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग चपला घालून घरभर का फिरताय?

तेव्हापासून हे असं चाललं आहे. जेवतानाही मी उभा राहतो. चार दिवस असे काढल्यावर मला कळलं की मला काय टोचतं आहे. मोजणी चुकली असं मी लिहून दिलं, पण बरोबर मोजणी किती ते दिलंच नाही. आमच्या खात्यात याला अर्धवट नोंद म्हणत. मग गेल्याच्या गेल्या रविवारी मी वही घेतली, रोहिणीने दिलेली गोळ्यांची पुडी आणि पाण्याची बाटली घेतली (तिने बजावलं होतं की तिकडचं पाणी पिऊ नका, पोट बिघडेल) आणि बदलापूरहून टमटम धरून फाट्यावर उतरलो. टमटम भरायला पाऊण तास लागला. फाट्यापासून वाडी चढावर आहे. मी पावलं मोजायला लागलो आणि दोन हजारांच्या पुढे दम लागून आकडा विसरलो.

बनूबाईचा नवरा बारकू मला वाटेतच भेटला. हातात कोयता, डोक्यावर लाकडं. मी कशासाठी आलो आहे ते सांगितल्यावर त्याला त्यात काही नवल वाटलं नाही. म्हणाला, "चला, मोजू." आणि खरंच आम्ही घरोघर गेलो. बेचाळीस घरं, दोनशे अकरा माणसं. एकाही माणसाने हे कशासाठी असं खोदून विचारलं नाही. एक म्हातारी फक्त म्हणाली की माझा मुलगा वांगणीला वीटभट्टीवर आहे, त्याला धरा. धरला. बनूबाईच्या घरी चंद्री होती, रविवार असल्यामुळे. किडकिडीत, हसरी, बोटांच्या टोकांना निळा रंग चढलेला. पोर तिच्या मांडीवर निवांत बसली होती, म्हणजे या आठवड्याची ओळख पटलेली होती. मला बघून मात्र ती आईच्या पदरात घुसली. चंद्री म्हणाली, "लिवा तिला पन. ती बी बसमदी बसंल." मी लिहिलं.

मोजणी संपल्यावर बारकूने मला वाडीच्या कडेला नेलं, वारा खायला. खाली धरणाचं पाणी पसरलं होतं, डोंगराच्या पायापर्यंत. त्याने कोयत्याने पाण्यातली एक जागा दाखवली आणि म्हणाला, "तिथं बापाचा भात व्हायचा. पानी उतरलं का बांध दिसतो." मी विचारलं, "आता?" तो म्हणाला, "आता काय, पानी. तुमच्याकडं जातं ना, ते." तक्रार नव्हती हो त्यात. पाहुण्याला गावची माहिती द्यावी तसं तो सांगत होता. पण मला एकदम तो टेम्पोतला फलक आठवला, "जो बसेल तो भरेल", आणि मी मनातल्या मनात पाण्यासाठी तसंच एक वाक्य जुळवायला घेतलं आणि अर्ध्यात सोडून दिलं. बनूबाईने लोटाभर पाणी आणून पुढे केलं. माझ्या पिशवीत बाटली होती. मी ती काढली नाही. (पोटाला काहीही झालेलं नाही, हे रोहिणीला सांगून झालं आहे. तिचा विश्वास नाही.) मला हिरामणने, म्हणजे चंद्रीच्या नवऱ्याने, मोटारसायकलवर बदलापूरपर्यंत सोडलं. जाताना चंद्री म्हणाली, "भाऊ, बस आली तर मला रोज घरी येता येईल का हो?" मी म्हटलं, "येईल." का म्हटलं, कशाच्या जोरावर म्हटलं, ठाऊक नाही. पण म्हटलं खरं.

तर आजची स्थिती अशी. मी वाडीतर्फे एक मागणीपत्र लिहिलं आहे. दोनशे अकरा नावं, बसमार्ग क्रमांक चार कायम ठेवावा, तो मेट्रोसाठी दहा वर्षं न थांबवता लगेच सुरू करावा, आणि शेवटची बस रात्री साडेआठची असावी. टायपिंग नंदूनेच केलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "साईं, मेरा खांबा तो वहीं का वहीं है, पर ये लिख दो." पत्र दिलं आणि त्याच संध्याकाळी मी गल्लीच्या सभेत अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. तो कुणी घेईना. चेतनपासून सगळे म्हणाले, काका, सव्वीस कलमांचा अभ्यास तुमचाच आहे, दुसरं कोण बोलणार? आणि ते चूक नाही. मी ती सव्वीस कलमं रोज काढून वाचतो, एखादं तरी खोटं निघावं म्हणून. निघत नाही. बिल्डरांचं खरं आहे, पेन्शनरांचं खरं आहे, हमीचं तर फारच खरं आहे. एक जरी खोटं निघालं असतं तरी मला खाली बसता आलं असतं. या बाजूला ती, त्या बाजूला चंद्री, आणि मधल्या वाटेवर मी ओट्यापासून फाटकापर्यंत. रोहिणी म्हणते, या फेऱ्या जोडल्या असत्या तर एव्हाना तुम्ही बदलापूरला पोचला असता.

तुमची प्रकृती जपा. माईला म्हणावं, सडा शेजारणीकडून घालून घे. इथे रात्री गारठा आहे, दुपारी ऊन. बाकी सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण तुमच्याशी खोटं लिहवत नाही.

तुमचा,
हेमचंद्र टिपणीस

ता. क. : मूळ काम राहिलंच. दुसरी सुनावणी २१ डिसेंबरला आहे. तिचा नियम असा की एका माणसाने एकच बाजू मांडायची. वाडीची बाजू मांडायला मी नाव दिलं आहे. तेव्हा करदात्यांची हरकत वाचायला दुसरा कुणी तरी करदाता हवा, ज्याचं वाचन स्पष्ट आहे आणि जो सरकारी माणसाला दबत नाही. बदलापूर पश्चिमेला तुमचा बंद फ्लॅट आहे, त्याची घरपट्टी तुम्ही भरता, म्हणजे तुम्ही पात्र आहात. मी तुमचं नाव दिलं आहे. सातवा क्रमांक. १९ तारखेला निघा.

ता. क. २ : माझ्या विरुद्ध बोलायचं म्हणून संकोच करू नका. कडक वाचा. माझ्या मुद्द्यांवर आवाज चढवा, विशेषतः कलम अकरा आणि एकोणीसला. मी उत्तर देताना अडखळलो तरी थांबू नका. आणि बनूबाईने मध्येच एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर मात्र सरळ खाली बसा.

ता. क. ३ : (पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून हे मी लिहिते आहे. सौ. रोहिणी.) भावोजी, नमस्कार. याच, आणि माईंनाही घेऊन या. एक गोष्ट यांना माहीत नाही, आणि सांगायचं धाडस मला होत नाही. पिवळं पत्रक आलं त्याच दुपारी मी मोबाइलवरून प्राधिकरणाच्या फॉर्मवर "सहमत" दाबून पाठवलं. मला उल्हासनगरला कापड आणायला जायचं तर पंचवीस वर्षं रिक्षावाल्यांची मनधरणी करावी लागते, म्हणून. पण फॉर्म घरपट्टीच्या बिलावरच्या नावानेच जातो हे मला नंतर कळलं, आणि बिल यांच्या नावावर आहे. काल अंतिम यादी आली. हेमचंद्र टिपणीस तीनदा आहेत. विरोधात, मागणीत आणि समर्थनात. विरोधाची खुर्ची तुम्ही सांभाळा, समर्थनाची मी सांभाळते. यांना म्हणावं, तिसरीत आता तरी बसा.